मुक्काम लखनौ, अधिक महिना

१२ जून १९९६, बुधवार. दुपारी तीन.

काल पोचले. गाडीत डोळ्याला डोळा नाही, पण अनारशाच्या पिठाचा डबा मांडीवरून हलू दिला नाही. वाईहून निघताना उल्हासने ही वही दिली. म्हणाला, आई, ताईकडे महिनाभर राहणार, तिथे गप्पा मारायला कोणी नसेल, वहीशी बोल. आईची चेष्टा करतो. चौथी शिकलेल्या बाईला वही म्हणजे बैलाला चष्मा. पण आता लिहूनच दाखवते. रोज लिहायचं, एक दिवस चुकवायचा नाही.

रुचा! नात चार वर्षांची झाली आणि आजीने काल पहिल्यांदा पाहिली. बाळंतपणाला विनूला वाईला आणायची, तर निरंजनरावांनी पाठवली नाही. बायकोशिवाय राहवत नाही म्हणे त्यांना. तेव्हा आमचे हे अंथरुणाला खिळलेले, मलाही निघता येईना. असो. गाल असे आहेत की चावावेत. मराठी सगळं कळतं, बोलते हिंदी. मला म्हणाली, नानी, आप तो बहुत मोटी हो, पलंग टूट जाएगा. मी हसून हसून लोळले. पलंग टिकला.

जावई सोन्यासारखे. स्वतः स्टेशनवर आले, पिठाचा डबा स्वतः उचलला. कंपनीत मोठे ऑफिसर आहेत, पण गर्व नाही. घर महानगर नावाच्या मोहल्ल्यात, तळमजला भाड्याने. मध्ये अंगण आणि अंगणाच्या डोक्यावर लोखंडी गजांची जाळी. इथे सगळ्या घरांना असते. वरच्या मजल्यावर घरमालकीण, तिचे पाय जाळीतून दिसतात. जिन्याचं दार आपल्या अंगणातच आहे, पण निरंजनरावांनी त्याला रजयांची ट्रंक लावून टाकलीय. वरची बाई चौकस आहे म्हणाले.

विनू वाळलीय. जूनची भट्टी पेटलीय आणि पोरगी मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज घालून फिरते. विचारलं तर म्हणाली, फॅशन आहे आई. शहरात काय काय सोसावं लागतं.

१३ जून, गुरुवार.

झोप छान लागली. माझा डावा कान कामाचा नाही. नवी नवरी होते तेव्हा थंडीने गेला. उजव्या कुशीवर झोपलं की चांगला कान उशीत जातो आणि जग बंद होतं. देवाने एक दार बंद केलं ते बरंच केलं.

१४ जून, शुक्रवार. सकाळी अकरा.

निरंजनराव ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप लावून जातात. लखनौत भरदिवसा चोऱ्या होतात म्हणाले. किती काळजी! आमच्या ह्यांनी जन्मात कडी लावली नाही, म्हैस दोनदा सुटून गेली.

फोनलाही छोटं कुलूप आहे. नंबर फिरवायच्या चकतीत बसवलेलं. आलेला फोन घेता येतो, आपल्याला लावता येत नाही. काटकसरी माणूस. उल्हासला पोचल्याचं कळवायचं होतं, तर म्हणाले, आई, पत्र लिहा, मी टाकतो. लिहिलं. त्यांनी वाचलं. माझं अक्षर त्यांना आवडतं.

बेत पक्का आहे. सोमवारी अधिक महिना लागतो. जावयांना तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, खूष करायचं, आणि महिना संपला की विनू आणि रुचाला घेऊन वाई. सोळा जुलैची तीन तिकिटं उल्हासने काढून दिलीत. लग्नानंतर विनू एकदाच माहेरी आली, ती पण दोन दिवस. या खेपेला महिनाभर ठेवणार. निश्चय.

१७ जून, सोमवार. संध्याकाळी सात.

अधिक लागला. पहाटेपासून कढईपाशी. बाहेर लूचा गरम वारा, आत तूप. अनारसा तुपात फुटून पसरला की आपण म्हणतो अनारसा हसला. तिसरा हसला, पाचवा हसला, नंतर मोजायचं सोडलं. दोष लखनौच्या हवेचा. माझं पीठ कधी चुकत नाही. शेवटी तेहतीस धड निघाले, बाकीचे रुचाच्या पोटात.

निरंजनरावांना पाटावर बसवलं. अधिकात जावई म्हणजे विष्णू. ताटात वाण, वर दिवा. मी वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, आई, लाजवता मला. रुचाने मोठ्याने विचारलं, नानी पापा के पैर क्यों छू रही है, डर लगता है क्या? मुलांच्या तोंडाला काय लागायचं.

मग जेवताना टेबलावर मी विषय काढला. म्हटलं, सोळा तारखेला लेकीला माहेरपणाला नेते. लगेच म्हणाले, विचारताय काय आई, लेक तुमचीच आहे. आणि टेबलावरच विनूचा हात हातात घेतला. जेवण संपेपर्यंत सोडला नाही. सासूसमोर! आमच्या वेळी असं नव्हतं बाई. मी लाजून आमटीच्या वाटीत बघत बसले. विनूच्या डोळ्यांत पाणी. माहेरी जायच्या आनंदाने भरून आलं असणार. हात सोडला तर तिच्या दोन बांगड्या फुटलेल्या. हल्ली काच कच्ची येते.

१८ जून, मंगळवार.

विनू बाथरूममध्ये पडली. कपाळाला टेंगूळ. शेवाळ असणार म्हणून मी दुपारभर फरशी घासली. शेवाळ सापडलं नाही, तरी घासली.

निश्चय: बाथरूम कोरडी ठेवायची.

२१ जून, शुक्रवार.

परत पडली. खांद्यावर. बाथरूम मी काल रात्रीच पुसून कोरडी खडखडीत केली होती. आज तिथे गोणपाट अंथरलं. विनूला म्हटलं, चप्पल बदल, तुझ्या चपलेचा दोष आहे. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली पोर. पण ते हसणं काही मला आवडलं नाही.

लिहायचे दोन दिवस चुकले. रुचाबरोबर भातुकली चालू आहे. मी तिची बाई आहे, कामाला उशिरा येते म्हणून ती माझे पैसे कापते. पैसे म्हणजे चिंचोके. जीव लावलाय पोरीने.

२३ जून, रविवार.

वरच्या बाईशी ओळख झाली. पद्मिनीजी. शाळेत हेडमिस्ट्रेस होत्या, आता रिटायर. एकट्या. दुपारी निरंजनराव केस कापायला गेले तेव्हा जाळीतून डोकावून हाक मारली, माताजी, कैसी हैं? मी वर बघत मान अवघडेपर्यंत बोलले. वाईचं सगळं सांगितलं, म्हशीचं पण. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, माताजी, आपकी बेटी बाथरूम में नहीं गिरती. मी म्हटलं, कळलंय मला, चपलेचा दोष आहे. मग म्हणाल्या, आप समझदार हैं, सोचिएगा.

चौकस बाई आहे. जावई बोलले ते बरोबर.

विनूचं आणि त्यांचं मात्र चांगलं जमतं. दोरीला बांधून डबा खाली सोडतात, लोणचं देतात. आज विनूने डब्यात स्वतःची बी. ए. ची सर्टिफिकिटं आणि रुचाचा जन्मदाखला घालून वर पाठवला. विचारलं तर म्हणाली, पद्मिनीजींना बघायचंय. आता लोणच्याच्या डब्यात सर्टिफिकीट कोण पाठवतं? तेल लागेल. माझी लेक शिकली खूप, पण व्यवहार नाही.

२४ जून, सोमवार.

रात्री जेवताना बोलायला काही विषय नव्हता. जावई गप्प बसले की मला कसंसंच होतं. म्हणून गंमत सांगितली, सर्टिफिकिटं लोणच्याच्या डब्यातून वर गेली म्हणून. मला वाटलं हसतील. हसले. म्हणाले, अच्छा? आणखी काय काय जातं वर? मी म्हटलं, काही नाही हो, गप्पाच जातात. ते म्हणाले, आई, तुम्ही आहात म्हणून घरात काय चाललंय ते कळतं तरी मला.

किती मान देतात.

२५ जून, मंगळवार. दुपारी दोन.

आज विनू उठलीच नाही. ताप नाही. कुशीवर वळता येत नाही.

मी म्हटलं, बाथरूम तर... ती म्हणाली, आई, बाथरूम सोड. ते मला मारतात. पाच वर्षं मारतात. कुलूप चोरांसाठी नाही. काल तू डब्याचं सांगितलंस म्हणून मारलं.

एवढं सगळं एका दमात बोलली.

मी म्हटलं, तापट असतात गं पुरुष. म्हटलं, तू उलट बोललीस का? म्हटलं, ऑफिसचं टेन्शन असेल. तुझे बाबाही तापट होते, झालाच ना संसार? ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, हो आई. झाला.

मग मी तिच्यासाठी मऊ भात केला. तूप घालून. तिने खाल्ला नाही. मीच खाल्ला, अन्न टाकवत नाही.

२६ जून, बुधवार.

जावयांनी माणूस आणून जाळीला खालून तिरपाल, म्हणजे आपली ताडपत्री, ठोकली. ऊन फार येतं म्हणाले. परवा मीच म्हटलं होतं, अंगणात ऊन फार येतं. म्हणजे माझ्यासाठीच केलं.

अंगणात आता दिवसा दिवा लावावा लागतो. पद्मिनीजींचे पाय दिसत नाहीत. रुचा वर बघून म्हणाली, आसमान बंद हो गया. घरात हवा म्हणून नाही. बत्ती गेली की पंखा थांबतो आणि भिंती अंगावर येतात. मी बाहेरच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. उगीच. कडी ओढून पाहिली. बाहेरून कुलूप असतं हे माहीत आहे, तरी दोनदा ओढून पाहिली.

३० जून, रविवार. संध्याकाळी पाच.

आज एक करून पाहिलं.

दुपारची जेवणं झाली, जावई घरी. मी आणि रुचा बाहेरच्या खोलीत आडव्या झालो. नेहमी उजव्या कुशीवर झोपते. आज डाव्या कुशीवर झोपले. चांगला कान वर.

ऐकू आलं.

रुचाला मी घट्ट धरलं होतं. ती जागी होती. हळूच म्हणाली, नानी, ऐसे कान पे तकिया रखते हैं. मला दाखवलं कसं ठेवायचं ते. चार वर्षांची पोर.

नंतर विनू चहा घेऊन आली. म्हणाली, आई, साखर पुरे का? मी म्हटलं, पुरे.

१ जुलै, सोमवार.

आमच्या ह्यांचा हात एकदाच उठला. दोनदा. ती दिवाळी धरली तर तीन. उल्हासच्या वेळी पोटुशी होते तेव्हाचं धरायचं की नाही कळत नाही, कारण ते ढकलणं होतं.

कान थंडीने गेला असं सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं. नंतर मी पण सांगायला लागले. सांगता सांगता मला ती थंडी आठवायला लागली. कुडकुडत होते असं सुद्धा आठवतं. वैशाख होता तो.

आता बास. मी आई आहे. उद्या निरंजनरावांशी स्पष्ट बोलणार. वाक्य तयार आहे: हे बघा निरंजनराव, माझ्या लेकीला हात लावायचा नाही. परत पाठ केलं. छान येतंय. आवाज चढवायचा नाही पण डोळ्यांत बघायचं.

२ जुलै, मंगळवार.

निरंजनराव जेवायला बसले. मी समोर उभी राहिले. डोळ्यांत बघितलं. म्हटलं, हे बघा निरंजनराव.

ते म्हणाले, काय आई?

मी म्हटलं, कारल्याची भाजी आज गूळ घालून केलीय.

म्हणाले, वा.

उद्या नक्की. आज कारल्यामुळे राहिलं.

४ जुलै, गुरुवार.

तोंडाने बोलण्यात अर्थ नाही. पुरुषांशी पुरुषांनीच बोलावं. उल्हासला पत्र लिहिलं. हुशारीने लिहिलं. उघड काही नाही, फक्त: विनूची तब्येत थंडीने बिघडली आहे, माझ्या कानासारखी. उल्हास हुशार आहे, जुलैत थंडी कसली म्हणून ओळखेल. निरंजनरावांकडे टाकायला दिलं. वाचून म्हणाले, आई, छान लिहिलंय, पण उल्हासला उगीच काळजी वाटेल. खाली दोन ओळी त्यांनी घातल्या, की विनू ठणठणीत आहे आणि आईंना हल्ली जरा भ्रम होतो.

अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे त्यांचं.

६ जुलै, शनिवार.

तिरपालीला भोक पाडायचं ठरवलं. म्हणजे पद्मिनीजींना निरोप देता येईल. विनूला सांगितलं नाही, सरप्राइज. स्टुलावर चढले, लाटणं वर ढोसलं. तिरपाल जाड. मग विळीने कापायला गेले. रुपयाएवढं भोक पडलं. मी भोकाला तोंड लावून हाक मारली, पद्मिनीजी! वर कोणी नव्हतं. दोनदा मारली. स्टूल हललं, पडले. कंबर धरलीय.

संध्याकाळी जावयांनी विचारलं, आई, काय झालं? माझ्या तोंडून निघून गेलं, बाथरूममध्ये पडले.

विनूने माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला.

त्यांनी वर पाहिलं. भोक दिसलं. उद्या डबल तिरपाल लावतो म्हणाले.

९ जुलै, मंगळवार.

दोन तिकिटं परत केली त्यांनी. विनूचं आणि रुचाचं. शाळा सुरू झाली, रुचाचं नुकसान नको म्हणाले. आई, तुमचं आहेच, तुम्ही सुखाने जा. गोड बोलून सांगितलं. मी म्हटलं, बरं.

बरं म्हटलं मी. का म्हटलं? जीभ तशीच वळलीय. लग्नात पहिला शब्द तोच शिकवला होता.

विनूला विचारलं, आता काय करायचं गं? ती रुचाची वेणी घालत होती. म्हणाली, काही नाही आई, तू जा सुखरूप. मी म्हटलं, मी आहे ना! वेणी घालता घालता ती थांबली. मग म्हणाली, हो आई, तू आहेस.

१० जुलै, बुधवार.

बेत सुचला. असा बेत की उल्हास ऐकेल तर टाळ्या वाजवेल. सोळाला स्टेशनवर सोडायला सगळे येणारच. गाडी सुटायच्या आधी पाच मिनिटं माझ्या छातीत कळ येणार. मग म्हातारीला एकटी कशी पाठवणार? चारचौघांत जावयांना म्हणावंच लागेल, विनू, तू जा आईबरोबर. लोकांसमोर ते फार चांगले असतात. रुचा माझ्या कडेवर असणारच, ती सोडायचीच नाही. शिट्टी, गाडी सुटली, संपलं. तिकिटाचं टी. सी. बघून घेईल.

आरशासमोर कळ आणून पाहिली. डावा हात छातीवर, तोंड वाकडं. रुचाने पाहिलं. म्हणाली, नानी, पॉटी आई है?

तोंड कमी वाकडं करायचं.

१२ जुलै, शुक्रवार.

विनूला बेत सांगितला. कानात. ती नीट ऐकून घेत होती. म्हणाली, छान आहे आई. मग विचारलं, तू हे कुणाला बोलली नाहीस ना? मी म्हटलं, मी काय वेडी आहे? फक्त जावयांना विचारलं, डबा कितवा आहे आणि फलाटावर डॉक्टर असतो का.

विनूने डोळे मिटले. बेतावर विचार करत असेल.

जिन्याच्या दाराखालून कधी कधी कागदाचा तुकडा येतो. ट्रंकेच्या फटीतून दिसतो. मी उचलायच्या आत विनू उचलते. रुचाची चित्रं असतात म्हणते. असतील. मी विचारलं नाही. हल्ली मी विचारत नाही, कारण जे मला कळतं ते माझ्या पोटात राहत नाही. लहानपणापासूनची खोड.

१४ जुलै, रविवार.

आज दिवसभर ते घरी. घरात पाच पावलं टाकली की भिंत. विनू, मी आणि रुचा स्वयंपाकघरात बसून होतो, भांडं वाजू नये म्हणून कपबशा सुद्धा हाताने पुसून ठेवल्या. मला वाटलं मी वाईलाच आहे. चाळीस वर्षांपूर्वी. अशीच मोरीपाशी बसायचे, भांडी न वाजवता.

दोनच दिवस. कळ चांगली येतेय आता. तोंड बरोबर होतं.

१५ जुलै, सोमवार. अधिकाची अमावास्या. दुपारी साडेचार.

जेवून पडले होते. सवयीने उजव्या कुशीवर.

उठले तर घर गप्प. रुचाची चप्पल नाही. ट्रंक सरकवलेली. जिन्याचं दार उघडं.

गुडघे धरत वर गेले. पहिल्यांदाच वर गेले. केवढं आभाळ आहे वर! पद्मिनीजी खुर्चीत बसल्या होत्या, जणू माझीच वाट बघत. पाणी दिलं. म्हणाल्या, बैठिए माताजी. दोघी एक वाजता गेल्या. महिलांच्या संस्थेच्या वकीलबाई गाडी घेऊन आल्या होत्या. आधी हॉस्पिटल, अंगावरच्या खुणा डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यायला हव्यात म्हणे. मग तक्रारीचं. कायदा आहे, नवऱ्याविरुद्ध सुद्धा आहे. मला माहीत नव्हतं. मला वाटायचं कायदा शेतीसाठी असतो.

मी विचारलं, राहणार कुठे?

पद्मिनीजी म्हणाल्या, वो मैं नहीं बताऊँगी. बिटिया ने मना किया है.

मी म्हटलं, मला? मी आई आहे तिची! उद्या मी छातीत कळ आणणार होते!

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, माताजी, पाँच साल में अपने घरवालों में उसने सबसे पहले आपसे कहा था.

मी म्हटलं, ते खरं.

म्हणाल्या, और डिब्बे की बात उसके पति को आपने बताई थी.

मी म्हटलं, ते गंमत म्हणून.

त्या म्हणाल्या, हाँ.

एवढंच म्हणाल्या. मी पदर तोंडाला लावून बसले. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, आज रात यहीं रहिए, नीचे मत जाइए. मी म्हटलं, हो. आणि खाली आले. पाच वाजत आलेत, जावयांचा चहा असतो. पाय आपोआप खाली येतात, काय करणार.

चहाचं आधण ठेवलंय. स्कूटरचा आवाज येतोय. कुलूप वाजलं.

१६ जुलै, मंगळवार. सकाळी दहा. पद्मिनीजींच्या खोलीत.

काल त्यांनी आधी गोड विचारलं. आई, तुम्ही तर माझ्या आईसारख्या. कुठे गेली? मी म्हटलं, माहीत नाही. परत विचारलं. परत म्हटलं, माहीत नाही. मग कप फेकला. माझं मनगट धरलं. म्हणाले, खोटं बोलता! तुम्हाला सगळं माहीत असतं!

तेवढ्यात पद्मिनीजी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. हेडमिस्ट्रेसच्या आवाजात म्हणाल्या, मिस्टर निरंजन, माताजी का हाथ छोड़िए. मागे मोहल्ल्यातली आणखी चार माणसं होती. जावयांनी लगेच हात सोडला आणि सगळ्यांना नमस्कार केला. म्हणाले, आइए, चाय लीजिए. लोकांसमोर ते फार चांगले असतात.

मनगट सुजलंय. पद्मिनीजींनी हळद लावली. म्हणाल्या, ये भी डॉक्टर को दिखाएँगे. मी म्हणणार होते, राहू द्या हो, एवढं काही नाही. तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं.

जन्मभर मला माहीत होतं आणि मी माहीत नाही म्हणत आले. सासरी म्हटलं, शेजारणींना म्हटलं, इथे महिनाभर या वहीत सुद्धा म्हटलं. कुणी शंका घेतली नाही. काल खरंच माहीत नव्हतं, तर खोटारडी ठरले.

आज गाडी आहे. तिकीट एकच. जायचं की हॉस्पिटलला जायचं ते ठरलं नाही. निश्चय करत नाही, माझे निश्चय पाहिले.

मगाशी फोन वाजला. पद्मिनीजींच्या फोनला कुलूप नाही. त्या बोलल्या, मग रिसीव्हर माझ्या चांगल्या कानाला लावला. रुचा! नानी, यहाँ झूला है! और एक दीदी है, उसके पास दो तोते हैं! मम्मा सो रही है, दिन में सो रही है! मला केवढा आनंद झाला! मग पोरगी आवाज खाली करून म्हणाली, नानी, बताऊँ हम कहाँ हैं?

मी म्हटलं, नको गं राणी. मला सांगू नकोस. मी सांगून टाकते.